जोडीचा तुकडा

“दुसरा कोणी आला तर नाय देणार ना, बाई?”

धनसराने मोडक्यातोडक्या हिंदीत हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी कात्री खाली ठेवली.

“नाही देणार. हे बघ.” मी कापडाचा एक तुकडा तिच्यासमोर धरला. पिवळ्यावर निळे ठिपके. वाडीतल्या शिंप्याकडून मूठभर कातरण मागून आणलं होतं, त्यातला. मधोमध मी मुद्दाम वेडीवाकडी कात्री चालवली, तुकड्याचे दोन भाग केले. एक भाग तिच्या चार वर्षांच्या लेकीच्या, बिपनाच्या फ्रॉकला पिनेने लावला. दुसरा धनसराच्या तळहातावर ठेवला.

“हा तुकडा जो आणेल, आणि ह्याचे दात त्या तुकड्याच्या दातांत बसतील, त्यालाच तुझी मुलगी मिळणार. नाहीतर मंत्री आला तरी नाही.”

तिने तो तुकडा लेकीच्या छातीवरच्या तुकड्याला लावून पाहिला. बसला. पुन्हा काढला, पुन्हा लावला. मग घडी करून कमरेला खोचला आणि मला दोन्ही हात जोडले. माझ्या अंगणवाडीच्या नोकरीत तोवर कोणी मला असे हात जोडले नव्हते. मी फुगले, हे कबूल करते.

ही एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कुंदा पाष्टे, कुडवशीच्या अंगणवाडीची सेविका. गाव खाडीच्या वरच्या अंगाला, चारी बाजूंना हापूसच्या बागा. गावातली तरणी जोडपी मुंबईला निघून गेलेली, पोरंही त्यांच्याबरोबर. त्या वर्षी माझ्या पटावर अकरा मुलं उरली होती, आणि पर्यवेक्षिका मॅडम दर बैठकीत सांगत होत्या की पट असाच राहिला तर अंगणवाडी खालच्या वाडीला जोडावी लागेल. बागांतून मात्र पोरं होती. दिवाळी झाली की नेपाळची माणसं बागा राखायला येतात, फवारणी करतात, आंबा उतरवतात आणि पाऊस लागायच्या आत परत जातात. बायकापोरांसकट बागेतल्या खोपीत राहतात. आमच्याकडे त्यांच्यातल्या प्रत्येक पुरुषाला गुरखा म्हणतात आणि बाईला गुरखीण. नावाने हाक मारायची वेळ कोणावर आलेली नव्हती.

माझी मदतनीस द्वारकाकाकू. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ, हाताला चव. तिला घेऊन मी सहा बागा हिंडले. “तुमची मुलं पाठवा, खाऊ मिळेल, शिकतील, तुम्हीही मोकळेपणी काम कराल,” असं खाणाखुणांनी आणि मोडक्या हिंदीत सांगितलं. सात मुलं मिळाली. पट अठरावर गेला, माझा जीव भांड्यात पडला.

पण नुसतं पटासाठी केलं असं म्हटलं तर तेही खोटं होईल. पहिल्या दिवशी मी सातही मुलांना ओवाळलं. आयांना हळदीकुंकू लावलं, पाटावर बसवलं, द्वारकाकाकूने शिरा केला होता तो वाढला. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या गावात त्या बायकांना पाणीसुद्धा दारातच, वरून ओतून देत असत. त्यांना पाटावर बसवताना मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

अडचण यायची ती सुटायच्या वेळी. गावातल्या मुलांना न्यायला कोण येतं हे मला बघावं लागत नसे. आजी, काका, आतेभाऊ, सगळ्यांच्या तीन पिढ्या पाठ. या मुलांना मात्र रोज वेगळं माणूस न्यायला यायचं. आज एक बाई, उद्या दुसरीच, परवा कोणी पुरुष. एका खोपीतला माणूस चार खोपीतली पोरं घेऊन जायचा. आणि मला ती माणसं एकमेकांपासून वेगळी ओळखू येत नसत. चार महिने रोज बघूनही येत नसत. मी त्यासाठी काही खटपट केली असंही नाही. त्याऐवजी मी हे कापडाचं काढलं. एक तुकडा मुलाजवळ, एक घरी. भाषेची गरज नाही, चेहऱ्याची नाही, काही विचारायला नको आणि कोणाचा अपमान व्हायला नको. मॅडमना इतकं आवडलं की तालुक्याच्या बैठकीत त्यांनी मला उभं करून ते सांगायला लावलं. टाळ्या पडल्या.

धनसरा तिच्या भावाबरोबर, नरबहादूरबरोबर, इनामदारांच्या बागेत राहायची. नाव घालताना मी बापाचं नाव विचारलं. तिने लेकीला जवळ ओढलं.

“बाप आहे ना हिला?”

“तिकडं,” ती म्हणाली आणि हात कुठेतरी उत्तरेला हलवला. “आम्ही इकडं.”

तिकडं म्हणजे नेपाळात, असं मी समजले आणि पुढचा रकाना भरायला घेतला.

बिपना बोलत नसे. बाकीची सहा मुलं पंधरा दिवसांत आमच्या पोरांशी भांडायला लागली, म्हणजे रुळली. ही दाराशी बसायची. खिचडी तिथेच खायची. रडणं नाही, हट्ट नाही. एकच उद्योग तिने आपणहून घेतला होता. ओटीवर मुलांच्या, आयांच्या चपला पडलेल्या असत, त्या ती जोडीजोडीने लावून ठेवायची. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, सगळ्यांची तोंडं बाहेर. कोणी नवीन माणूस आलं की आधी तिची नजर त्याच्या पायांकडे जायची.

“बाय, ती पोर सारखी दाराकडं बगत असते,” द्वारकाकाकू म्हणायची. “आयशीची वाट बगते वाटतं.”

“मुकी तर नसेल ना?”

“मुकी कसली. आयशीजवळ चुरूचुरू बोलते, मी ऐकलंय बागेत. आपल्याजवळ बोलायचं नाय तिला.”

ते मला लागलं. मी तिच्या मागेच लागले म्हणा ना. मांडीवर घेऊन चित्रं दाखवली, मातीची बोरं करून दिली, तिला वेणी घातली. फेब्रुवारीत कधीतरी ती सुटायच्या वेळी माझ्या पदराचं टोक धरून उभी राहायला लागली. बोलणं नाहीच, पण पदर धरायची. तेवढ्यावर मी आठ दिवस खूश होते. मॅडमची तपासणी मार्चमध्ये होती. बाहेरून आलेली मुलं मराठी किती बोलतात ते त्यांना लिहून न्यायचं होतं. सहा मुलांच्या नावापुढे मी ‘बोलतात’ असं लिहून ठेवलं होतं. बिपनाचा रकाना रिकामा होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी साडेबारा वाजता मुलांना न्यायला माणसं यायला लागली. मी भिंतीवरचे तक्ते पुसत होते. ओटीवरून हाक आली, “नमस्ते, मॅडमजी.”

तिशीतला एक माणूस उभा होता. दाढी गुळगुळीत केलेली, अंगात उन्हाळ्यातही जाकीट, पायातले काळे बूट त्याने ओटीवर काढून ठेवले होते. बोलणं गोड, हिंदी साफ. पिशवीतून त्याने बिस्किटांचे पुडे काढून मुलांना वाटले. गावातल्यांनाही दिले, वेगळं केलं नाही. मग खिशातून पिवळ्या कापडाचा तुकडा काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“बिपना का बाप हूँ. आज ही आया.”

मी तुकडा घेतला. बिपना तोवर आत येऊन माझ्या मागे उभी राहिली होती. तिच्या छातीवरच्या तुकड्याला मी तो लावून पाहिला. एकेक दात बसला.

“बघ गो, द्वारकाकाकू,” मी म्हटलं, “कसं तंतोतंत.”

द्वारकाकाकू भांडी घासत होती. तिने मान वर केली.

मग बिपना त्याच्याबरोबर गेली. एवढंच मी नंतर हवालदारांना आपणहून सांगितलं.

एक वाजता धनसरा आली. नरबहादूर झाडावर होता, म्हणून ती स्वतःच आली, कपाळावर आंब्याचा चीक सुकलेला. येताना ती वाटेवरच ओरडत होती, कारण खोपीतल्या खिळ्याला अडकवलेला तुकडा जागेवर नव्हता. पलीकडच्या बागेतल्या बाईने त्या माणसाला खोपी दाखवली होती, आणि तो तुकडा नेला की बाई पोर देते हेही तिनेच सांगितलं होतं. तिचा काय दोष? बाप लांबून लेकीला भेटायला आला म्हणून तिला आनंदच झाला असणार.

“कुठं आहे?” धनसराने विचारलं.

“तिचे बाबा घेऊन गेले,” मी म्हटलं. “तुकडा होता त्यांच्याजवळ.”

ती जिथे उभी होती तिथेच बसली. टेबलावर तो पिवळा तुकडा तसाच पडला होता. बिपनाचा मात्र तिच्या फ्रॉकला होता, तो तिच्याबरोबर गेला.

नरबहादूर धावत एस. टी. स्टँडवर गेला, तिथून रेल्वे स्टेशनवर. आम्ही चौकीत गेलो. हवालदार चांगला माणूस होता, खुर्ची दिली, पाणी दिलं.

“बापच ना पण?” त्याने विचारलं.

“बापच,” नरबहादूर म्हणाला. “मोठीला पण बापच घेऊन गेला, साहेब. दहा वर्षांची होती. शहरात घरकामाला लावतो बोलला. आज तीन वर्षं झाली, ती कुठं आहे कोणाला माहीत नाय. म्हणून हिला घेऊन आम्ही यंदा इकडं पळून आलो.”

धनसराची मोठी लेक. हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. चार महिने ती बाई रोज माझ्या ओटीवर येत होती, आणि तिला किती मुलं हे मी विचारलं नव्हतं.

“मुलगी जाताना रडली का? ओढून नेली का?” हवालदाराने मला विचारलं. “तसं असेल तर लिहून घेतो.”

धनसरा माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नाही,” मी म्हटलं. “हसत गेली. बापाला ओळखलं तिने.”

द्वारकाकाकू माझ्या शेजारी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

हवालदाराने इकडे तिकडे फोन केले, आणि मग हात वर केले. मॅडमनी तपासणी पुढे ढकलली. कापडाची पद्धत बंद करायचा तोंडी निरोप आला, त्याहून जास्त काही झालं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की बापाकडे मुलगी दिली यात बाईची काय चूक. तुकडा होता, जुळला होता. मीही तेच म्हणत राहिले. इतक्यांदा म्हटलं की कधी कधी मला स्वतःला पटायचं.

धनसराने तो पिवळा तुकडा माझ्याकडून मागून घेतला. नंतरचा आख्खा महिना ती रोज साडेबाराला यायची. बाकीच्या बायकांच्या मागे रांगेत उभी राहायची. तिची पाळी आली की हात पुढे करून तुकडा दाखवायची. मी मान हलवायची. मग ती एकच प्रश्न विचारायची.

“रडली नाय ना, बाई?”

“नाही गो. हसत गेली.”

त्यावर ती मान डोलवायची आणि बागेकडे चालू लागायची. मला वाटायचं, तेवढ्या एका शब्दावर ती दिवस काढते, तो काढून कसा घेऊ? आपल्याला सोयीचं असलं की दया फार पटकन सुचते.

पावसाआधी ती गेली. नेपाळात, दिल्लीत, जिथे जिथे नवऱ्याचे नातेवाईक होते तिथे दोघं बहीणभाऊ हिंडले. पत्ता लागला नाही. दिवाळीनंतर पुन्हा इनामदारांच्या बागेत आली. दरवर्षी येत राहिली. आल्या दिवशी, पाठीवरचं सामान खोपीत टाकलं की साडेबाराला माझ्या ओटीवर हजर. हातात तुकडा. त्याचा रंग उडत चालला होता, निळे ठिपके कुठले ते शोधावं लागायचं, पण दात तसेच होते, कारण कडेने तिने बारीक दोरा घातला होता. मला दुरून ती दिसली की मी उगाच पट उघडून बसायची. तिला मात्र मी हजार माणसांत ओळखलं असतं. तिच्या उजव्या भुवईत एक व्रण होता, ती डाव्या पायावर जरा भार देऊन चालायची, नथ मोठी आणि चपटी होती. हे सगळं आधीही तसंच असणार.

मी आणि द्वारकाकाकू त्या पाच मिनिटांबद्दल कधी बोललो नाही. ती निवृत्त झाली त्या दिवशी मी तिला साडी नेसवली, नारळ दिला. ओटी उतरताना ती थांबली.

“बाय, तू त्या गुरखिणीला सांगितलंस काय गो कधी?”

“काय सांगायचं?”

“मी कोणाजवळ बोलले नाय हां. पर माझ्या कानातनं ते जात नाय.” एवढं बोलून ती गेली.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी, नोव्हेंबरात, धनसरा आली. केस पांढरे झाले होते. नरबहादूर दोन वर्षांपूर्वी वारला होता, आता ती एकटीच दुसऱ्या कुटुंबाबरोबर यायची. इतक्या वर्षांत तिची बोली आमच्यासारखीच झाली होती. मुलं जायची होती, मी तिला पाटावर बसवलं, चहा दिला.

“मी पुढल्या वर्षी इथे नसेन,” मी म्हटलं. “नवीन बाई येईल.”

“मंग तिला सांगून ठेवा, बाई. पद्धत सांगून ठेवा. बिपना आता वीस वर्षांची झाली असंल. ती आली तर तिचा तुकडा तिच्याजवळ असंल, माझा माझ्याजवळ.” आणि मग नेहमीचं. “रडली नाय ना?”

मला ‘नाही’ म्हणता आलं नाही. सोळा वर्षं म्हणत होते, त्या दिवशी तोंडातून निघेना.

मी तिला सांगितलं. त्या दिवशी बिपना ओटीवर चपला लावत होती. अर्ध्या ओळीपर्यंत आली आणि तिला ते काळे बूट दिसले. चपला तशाच टाकून ती आत पळाली आणि माझ्या मागे येऊन पदर धरला. मी तुकडे जुळवले, द्वारकाकाकूला कौतुकाने दाखवले आणि तिला म्हटलं, बाबा आले, जा. तिने पदर दोन्ही मुठींत धरला. वर माझ्याकडे बघितलं आणि बोलली. चार महिन्यांत पहिल्यांदा बोलली, आणि तेही स्वच्छ मराठीत. “बाई, नको.”

“मला इतका आनंद झाला, धनसरा,” मी म्हटलं. “मी हसले. ‘बोलली गो, द्वारकाकाकू, पोर बोलली,’ असं म्हणाले. मला वाटलं, हिला माझी अंगणवाडी इतकी आवडते की घरी जायला नको म्हणते. आमची पोरंही म्हणतात कधी कधी, ते मला माहीत होतं, आणि हिने म्हणावं याची मी किती वाट बघत होते. ती पुन्हा म्हणाली, नको. तिसऱ्यांदाही म्हणाली. मी तिला सांगितलं, उद्या ये हां, उद्या मॅडम येणार आहेत, त्यांच्यापुढे असंच बोल. आणि तिची बोटं पदरावरून एकेक करून सोडवली. मीच सोडवली. त्याने नाही.”

धनसरा चहाच्या कपाकडे बघत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या, माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. मग ती बोलली, आवाज न चढवता.

“तो शब्द मीच तिला शिकवला होता, बाई. पलीकडच्या बागेतल्या बाईला विचारून घेतला. रोज सकाळी तुमच्याकडं सोडताना पाठ करून घ्यायची. म्हटलं, तुकडा कोणी चोरला तर? म्हटलं, आपल्या बोलीत बोलशील तर बाईला समजणार नाय. बाईच्या बोलीत सांग. बाई ऐकेल.”

बाहेर ओटीवर बायका जमायला लागल्या होत्या. धनसराने कप पाटाखाली सरकवून ठेवला, उठली, कमरेचा तुकडा काढला आणि बाहेर जाऊन नेहमीसारखी रांगेच्या शेवटी उभी राहिली. मी दारात गेले. एकेक मूल देत होते, एकेक माणूस जात होतं, आणि ती एकेक पाऊल पुढे येत होती.